खटका, पोलाद, विळी

माझ्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात चाकू आहेत. एके काळी साठच्या वर होते, आता एकवीस उरलेत. ते आकारानं किंवा किमतीनं लावलेले नाहीत. ज्या क्रमानं हातात आले, त्याच क्रमानं डावीकडून उजवीकडे ठेवलेत. खण उघडला की जुनी डायरी उघडल्यासारखं होतं. काही पानं वाचताना हसू येतं, एका पानाशी मात्र नजर अडखळते. त्या जागी चाकू नाहीच, नुसती मोकळी जागा आहे. तिथे काय असायला हवं होतं, ते पुढे सांगतो.

‘चाकू जमवतो’ म्हटलं की समोरचा जरा मागे सरकतो. नाणी, तिकिटं, पेनं जमवणाऱ्याला ‘वा’ मिळतं, आम्हाला ‘कशाला?’ मिळतं. प्रश्न रास्त आहे, आणि वीस वर्षांत माझं उत्तर चार वेळा बदललं. आधी मी चाकूकडे बघून विचारायचो, हा कुणाला घाबरवेल? मग विचारू लागलो, हा काय काय करू शकतो? मग, हा कशाचा बनलाय? आणि शेवटी, हा कुणाच्या हातात होता? एकेका प्रश्नामागे चाकूच्या इतिहासाचा एकेक तुकडा आहे. मला मात्र तो उलटा कळला; आधी आवड बदलली, मग पुस्तकं हाताशी आली.

खटका

डावीकडचा पहिला चाकू मी बारा वर्षांचा असताना गावच्या जत्रेत घेतला. माशाच्या आकाराची पितळी मूठ, बोटभर पातं. कलिंगडाची फोडसुद्धा धड कापली जायची नाही. पण पातं उघडून जागेवर बसलं की ‘खट्’ असा आवाज यायचा, आणि मी पैसे त्या आवाजाचेच मोजले होते. तेव्हा आमच्यासाठी चाकू म्हणजे रामपुरी, आणि रामपुरी म्हणजे सिनेमातला.

रामपूर हे उत्तर प्रदेशातलं शहर, पूर्वीचं नवाबी संस्थान. तिथल्या कारागिरांचा घडीचा चाकू हिंदी सिनेमानं उचलला आणि त्याला गुंडाच्या खिशात कायमची जागा दिली. १९६५ च्या ‘वक्त’मध्ये राजकुमारनं चाकूवरून ऐकवलेला डायलॉग आजही मीम बनून तुमच्या फोनवर येत असेल. पुढे लांब पात्याच्या रामपुरीवर सरकारी बंधनं आली आणि धंदा आटत गेला. मग २०२३ मध्ये त्याच रामपुरात एका चौकात जवळपास २० फुटांचा चाकू उभारला गेला, शहराची ओळख म्हणून. ज्या वस्तूवर बंधनं घातली, तिचाच पुतळा!

असं घडलेलं रामपूर हे एकटं गाव नाही. स्पेनमध्ये ‘नवाखा’ नावाचा लांब घडीचा चाकू असतो. अल्बासेते हे त्याचं मोठं केंद्र. तो शेतकरी, गाडीवान, मेंढपाळ असे सगळेच वापरायचे, पण बाहेरून आलेल्या प्रवाशांच्या वर्णनांमध्ये तो चोर-दरोडेखोरांचा झाला. जुन्या नवाख्याला दातेरी कुलूप असायचं. पातं उघडताना दात एकापाठोपाठ एक अडकायचे आणि कटकट आवाज व्हायचा. त्या आवाजाचीच दहशत होती, असं सांगतात. माझ्या जत्रेतल्या चाकूचं आणि नवाख्याचं नातं हे असं आवाजाचं.

अमेरिकेत हीच गोष्ट कायद्यापर्यंत गेली. १९५० च्या दशकात बटण दाबलं की उघडणारा स्विचब्लेड चाकू सिनेमातल्या बिघडलेल्या पोरांच्या हातात दिसू लागला, आणि १९५८ मध्ये त्याच्या आंतरराज्य व्यापारावर केंद्रीय कायद्यानं बंदी आली. त्याच्या आदल्याच वर्षी ‘१२ अँग्री मेन’ हा सिनेमा आला होता. आपल्याकडे बासू चटर्जींनी १९८६ मध्ये त्यावरून ‘एक रुका हुआ फैसला’ केला. खुनात सापडलेला चाकू फार वेगळा, दुर्मीळ आहे, असा एक मुद्दा त्यात पुरावा म्हणून मांडला जातो. तेव्हा एक ज्युरर खिशातून हुबेहूब तसाच चाकू काढून टेबलावर रोवतो. तो त्यानं जवळच्याच दुकानातून विकत आणलेला असतो.

हा प्रसंग मी कॉलेजात असताना पाहिला आणि माझी पहिली आवड तिथेच गळून पडली. ज्याला आपण खास समजतो, तो कोपऱ्यावरच्या दुकानातला माल असतो. भीती पात्यात नव्हती, भोवतालच्या गोष्टीत होती. मी गोष्ट विकत घेत होतो.

लाल चाकू

डावीकडून आठवा चाकू लाल आहे. परदेशात असलेल्या आत्तेभावानं तो पाठवला होता. दोन पाती, कात्री, करवत, स्क्रू-ड्रायव्हर, डबा फोडायचं हत्यार, चिमटा, दात कोरायची काडी. मी तो इतक्या वेळा उघडून मिटला की आई म्हणाली, ‘‘अरे, जपमाळ ओढतोयस का?’’

या चाकूचा जन्म बंदुकीपायी झाला. १८९० च्या सुमाराला स्विस सैन्याकडे नवी रायफल आली. ती खोलायला स्क्रू-ड्रायव्हर लागायचा आणि शिधा डब्यांतून मिळायचा. म्हणून शिपायाच्या चाकूत पातं, आरी, डबा फोडायचं हत्यार आणि स्क्रू-ड्रायव्हर असं चौघांचं कुटुंब एकत्र आलं. एवढे चाकू पुरवील असा कारखाना स्वित्झर्लंडमध्ये नव्हता, त्यामुळे पहिली खेप जर्मनीतल्या सोलिंगेन शहरातून आली. श्वित्स परगण्यातल्या ईबाख गावात कार्ल एल्सनर नावाच्या माणसानं १८८४ मध्ये चाकूंचा कारखाना काढला होता. आपल्या सैन्याचा चाकू आपल्या देशात बनावा, म्हणून त्यानं इतर कारागिरांना एकत्र केलं आणि १८९१ मध्ये सैन्याला पहिला पुरवठा केला. पण सोलिंगेनचा माल स्वस्त पडायचा. सोबतचे कारागीर एकेक करून बाहेर पडले, आणि एल्सनर कर्जात बुडता बुडता वाचला.

त्याला तारलं ते १८९७ मध्ये नोंदवलेल्या ‘अधिकाऱ्यांच्या चाकू’नं. त्यातली युक्ती साधी होती. पाठीतली एकच स्प्रिंग दोन्ही बाजूंची हत्यारं पेलायची. त्यामुळे जाडी न वाढवता दुसरं छोटं पातं आणि बुचाचा स्क्रू आत बसला. सैन्यानं हा चाकू अधिकृत साहित्यात घेतला नाही. अधिकारी तो पदरच्या पैशांनी घेऊ लागले. १९०९ मध्ये एल्सनरची आई व्हिक्टोरिया वारली, तेव्हा त्यानं तिचं नाव मालाला दिलं. १९२१ मध्ये न गंजणारं पोलाद, फ्रेंचमध्ये ‘इनॉक्स’, वापरात आलं आणि दोन्ही मिळून ‘व्हिक्टोरिनॉक्स’ झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांना त्याचं लांबलचक जर्मन नाव उच्चारता येईना, म्हणून ते त्याला ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हणू लागले.

या काळात मी हत्यारं मोजायचो. सात हत्यारांचा, मग बाराचा, मग खिशात विटेसारखा वाटणारा एक. दोन वर्षांनी हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की रोज वापरतो ते एक पातं आणि कात्री. बाकीचं सगळं ‘कधी लागलं तर’. रायफल खोलायची वेळ काही माझ्यावर आली नव्हती. मग डोळा एकाच पात्यावर स्थिरावला, आणि तिसरा प्रश्न सुरू झाला. तो मला सगळ्यात महागात पडला.

पोलाद

नोकरी लागली, घरात इंटरनेट आलं, आणि मी पोलादाच्या नादी लागलो. हा नाद ज्यांना लागलाय त्यांना पुढची भाषा ओळखीची वाटेल. कार्बन किती टक्के, क्रोमियम किती, व्हॅनेडियम किती, रॉकवेल किती. रॉकवेल म्हणजे कठीणपणा मोजायची रीत. हिऱ्याचा बारीक शंकू ठरावीक भारानं, १५० किलोच्या, धातूत दाबायचा आणि तो किती खोल जातो ते पाहायचं. ५६ म्हणजे साधा, ६० म्हणजे चांगला, ६२ म्हटलं की आमचे डोळे चमकायचे.

या वेडाचा इतिहास मात्र फार सुंदर आहे, आणि त्यात मुंबईही आहे.

१७९० च्या दशकात मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे ‘वुट्झ’ नावाच्या पोलादाचे गोळे पाठवले. हे दक्षिण भारतात मुशीत बनणारं पोलाद. शतकानुशतकं ते पश्चिम आशियात जात होतं आणि त्याच्या तलवारींवर लाटांसारखी नक्षी उमटायची. जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला आणि शीर्षकातच हे पोलाद मुंबईला बनतं असं म्हटलं. बंदर मुंबईचं होतं, भट्ट्या दूर दक्षिणेत.

माझ्यासारख्यासाठी त्या निबंधात एक खजिना आहे. बँक्स यांच्या सांगण्यावरून जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिरानं त्या गोळ्यातून एक छोटा चाकू घडवला. घडवताना त्याचा घाम निघाला, पण धार उत्तम इंग्लिश पोलादाच्या तोडीची आली. हे पोलाद शस्त्रक्रियेच्या हत्यारांना फार उपयोगी पडेल, असं त्याचं मत झालं. पुढे याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरेडेनं, हो, विजेवाल्या फॅरेडेनं, १८२० च्या आसपास पोलादात वेगवेगळे धातू मिसळून पाहिले. त्यांना वुट्झचं गुपित हवं होतं. ते त्यांच्या हाती लागलं नाही, पण मिश्र पोलादाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाची सुरुवातीची पावलं त्यांनी टाकली. फॅरेडे लोहाराचा मुलगा होता, हेही सांगायला हवं.

त्यानंतर सुमारे ९० वर्षांनी शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्यांवर काम करत होता. गोळीबारानं नळ्या आतून झिजायच्या, म्हणून तो जास्त क्रोमियम घालून पाहत होता. १९१३ मध्ये त्याच्या एका मिश्रणात १२.८ टक्के क्रोमियम होतं, आणि ते आम्लाला दाद देईना. चाकूच्या गावात वाढलेल्या माणसाला लगेच जेवणाच्या टेबलावरचे चाकू आठवले. तोवर ते साध्या कार्बन पोलादाचे असत. लिंबू-व्हिनेगर लागलं की काळे पडत, रोज पूड लावून घासावे लागत. म्हणून श्रीमंतांकडे मासे खायला चांदीचे चाकू असत.

शेफील्डच्या कारागिरांनी मात्र नाकं मुरडली. नवं पोलाद त्यांनी जुन्या सवयीनं तापवलं, जुन्या सवयीनं विझवलं, आणि धार आलीच नाही. ‘न कापणाऱ्या चाकूंचा संशोधक’ म्हणून ब्रेअर्लीची थट्टा झाली. शेवटी अर्नेस्ट स्टुअर्ट नावाच्या कारागिराला या पोलादाचं योग्य तापमान सापडलं. ‘स्टेनलेस’ हे नावही त्याच्याकडूनच आलं असं मानतात. आज तुमच्या घरात ताट-वाटीपासून सिंकपर्यंत जे आहे, ते याच घराण्यातलं.

माझ्या काळातला देव होता एस-३०-व्ही. अमेरिकेतल्या क्रूसिबल कंपनीनं ते २००१ मध्ये खास चाकूंसाठी आणलं. चाकू बनवणारा ख्रिस रीव्ह त्यात सहभागी होता. वितळलेल्या पोलादाचा वायूच्या झोतानं फवारा करायचा, त्याची बारीक भुकटी करायची, मग प्रचंड दाब आणि उष्णता देऊन ती पुन्हा एकसंध करायची. त्यामुळे व्हॅनेडियमचे कठीण कण सगळीकडे सारखे पसरतात आणि धार फार टिकते. असा चाकू घ्यायला मी तीन महिने पैसे साठवले. घेतल्यावर काय कापलं? कुरिअरचे खोके आणि कागदाच्या पट्ट्या. कागद आवाज न करता चिरला गेला की व्हिडिओ काढायचा.

आणि त्याच दिवसांत मी आजीची विळी बिघडवली.

विळी

आजीची विळी तिच्या सासूकडून आलेली. जांभळ्या झाक मारणारं काळं पातं, टोकाला नारळ खवायची खोवणी, बसायला झिजलेला फणसाचा पाट. पात्याच्या मधोमध खोल पोकळ पडली होती, जणू कुणी चावा घेतलाय. मला ते बघवायचं नाही. एवढं अभ्यासलेलं पोलादाचं ज्ञान, आणि घरात हे असं!

एका सुटीत मी ती मित्राच्या फॅब्रिकेशनच्या शेडवर नेली. ग्राइंडर लावून पोकळ घालवली, पातं सरळ रेषेत आणलं, मग पॉलिश मारून आरशासारखं केलं. धारेजवळ एक निळसर पट्टा उमटला होता. तोही मी पॉलिशनं घालवला. आजीला दाखवली तेव्हा ती म्हणाली, ‘‘छान चकाकतेय रे.’’

पंधरा दिवसांनी घरी गेलो, तर ती ताटात छोटी सुरी घेऊन गवार मोडत बसली होती. विळी दाराआड उभी होती. मी विचारलं, तेव्हा मान वर न करता म्हणाली, ‘‘पाणी उतरलंय तिचं.’’

हे वाक्य समजायला मला क्षणभर लागला, आणि समजलं तेव्हा कान गरम झाले. पोलाद लाल तापवून तेल-पाण्यात विझवलं की कडक होतं. मग थोडी ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा काढतात. याला आपल्याकडे ‘पाणी देणं’ म्हणतात. ‘पाणीदार’ हा शब्द आपण डोळ्यांना, घोड्याला, माणसाला लावतो, तो पात्यालाही लागतो. पाणी दिलेलं पोलाद कोरड्या ग्राइंडरवर धरलं की धारेचा पातळ भाग क्षणात तापतो. तीनशे अंशांच्या आसपास तो निळा पडतो, म्हणजे दिलेलं पाणी उतरलेलं असतं. मी पुसून टाकलेला निळा पट्टा ही त्याचीच खूण होती. धार लागते, पण टिकत नाही. दोन भोपळ्यांनंतर वळून जाते. हे सगळं मी इंग्रजीत वाचलेलं होतं. रॉकवेलचे आकडे मला पाठ होते. आजीला ते एका भोपळ्यात कळलं होतं.

ती रागावली नाही. पोकळ कुठे गेली, एवढंच तिनं विचारलं. त्या पोकळीत भाजी आपोआप धरली जायची, घसरायची नाही. ती तिच्या आणि तिच्या सासूच्या हातांनी, बहुधा साठेक वर्षांत, झिजून झिजून पडली होती. मी ती दहा मिनिटांत काढली.

त्यानंतर मी विळीविषयी वाचायला लागलो. बहुतेक जगात पातं हलतं आणि भाजी स्थिर असते. विळीत पातं स्थिर आणि भाजी हलते, म्हणजे दोन्ही हात मोकळे. बंगालात हीच बोटी होते, कर्नाटकात ईळिगे मणे, गोव्यात आदोळी. जमिनीवर बसून स्वयंपाक करायच्या पद्धतीतून ती आली आणि ओटा आल्यावर दाराआड गेली. आपल्याकडे गावचे लोहार कोयत्या-विळ्यांसाठी ट्रकच्या कमानीचे जुने पाटे वापरतात. स्प्रिंगचं पोलाद ते, चांगलं पाणी घेतं.

आणखी एक गोष्ट कायदा वाचताना कळली. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडत आले, पण घरकामाची आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळलेली. कायदासुद्धा लांबीच्या जोडीनं ‘कशासाठी?’ हे विचारत होता. आमच्या घरातलं सगळ्यात मोठं पातं आजीचं होतं. मी बाराव्या वर्षापासून चाकू जमवत होतो, आणि ते माझ्या संग्रहात कधी धरलंच नाही. कारण ते बाईच्या हातातलं होतं, आणि त्याला खटका नव्हता.

हात

विळीनंतर घेतलेला पहिला चाकू म्हणजे ओपिनेल, कार्बन पोलादाचा, आठ नंबरचा. फ्रान्सच्या सव्वा प्रांतातल्या आल्प्सच्या डोंगरात, १८९० मध्ये जोसेफ ओपिनेल नावाच्या तरुणानं तो पहिल्यांदा बनवला. घरचा धंदा शेतीची हत्यारं घडवण्याचा. लाकडी मूठ, एक पातं, एक खिळा. १८९७ मध्ये १ ते १२ नंबरांत मापं ठरली, १९५५ मध्ये पातं अडवणारी फिरती कडी आली, आणि फारसं काही बदललं नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं १९८५ मध्ये उत्तम डिझाइनच्या वस्तूंत त्याची गणना केली, पण त्याआधीच तो कित्येक शेतकऱ्यांच्या खिशात पोचला होता. पहिल्या लिंबानं त्याचं पातं करडं पडलं. पूर्वी मी ते घासून काढलं असतं. या वेळी राहू दिलं.

जपानमधला हिगोनोकामी मग आला. मिकी गावचा हा घडीचा चाकू. मुठीला पत्र्याची घडी, पात्याला अंगठ्यानं दाबायचा दांडा, कुलूप नाहीच. जपानी मुलं शाळेत त्यानं पेन्सिलींना टोक काढायची. १९६० नंतर मुलांच्या हातात पाती नकोत अशी मोहीम झाली आणि हा धंदा बसला. रामपुरी आठवला. फरक एवढाच, की याच्या गोष्टीत गुंड नव्हते, पेन्सिली होत्या.

मग जुन्या बाजारात फेऱ्या सुरू झाल्या. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरतो तो. चांभाराची रापी, न्हाव्याचा वस्तरा, ऊसतोडीचा कोयता, कलम बांधायचा माळ्याचा चाकू. सगळे झिजलेले. झीज वाचता येते हे हळूहळू कळलं. रापी एका कोपऱ्यात जास्त झिजली असेल तर वापरणारा डावखुरा असावा. कोयत्याच्या मुठीवर अंगठ्याची खळी असेल तर तो एकाच माणसाकडे बरीच वर्षं होता. नवा चाकू सांगतो की कारखान्याला काय जमतं. जुना सांगतो की कुणी काय काम केलं.

एकदा वाटलं, हा आपलाच उतरता आलेख तर नाही? मग ऑगस्टस पिट रिव्हर्सविषयी वाचलं. हा ब्रिटिश लष्करी अधिकारी १८५० च्या दशकात सैन्याला नव्या रायफलींचं प्रशिक्षण देत होता. बंदुकीचे सुटे भाग कसे थोडे थोडे बदलत जातात हे पाहता पाहता तो हत्यारं जमवू लागला. मग टोपल्या, कुलपं, वाद्यं, साधी अवजारं. दुर्मीळपेक्षा रोजची, सर्वसामान्य वस्तू जमवावी, असं तो आग्रहानं सांगू लागला. माणसांना मागास-पुढारलेल्या पायऱ्यांवर बसवणारा त्याचा सिद्धान्त आज कुणी मानत नाही, आणि ते योग्यच आहे. पण १८८४ मध्ये त्यानं ऑक्सफर्डला दिलेल्या वीस हजारांहून अधिक वस्तूंचा प्रवास बंदुकीपासून सुरू झाला होता.

आणि आपल्या पुण्यातच दिनकर केळकर होते. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता करणारे. साधारण १९२० पासून त्यांनी दिवे, अडकित्ते, फण्या, दाराच्या चौकटी, स्वयंपाकघरातली भांडी-हत्यारं जमवली. अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावानं संग्रहालय उभं केलं आणि १९६२ मध्ये तो ठेवा राज्य सरकारकडे सोपवला. बाजीराव रस्त्यावरच्या त्या वाड्यात मी शाळेच्या सहलीत गेलो होतो. तेव्हा तलवारींपुढून हललो नव्हतो. पस्तिशीत पुन्हा गेलो आणि अडकित्त्यांपुढे तासभर उभा राहिलो. राघू-मैनेचे, घोड्याचे, जोडप्याचे. सुपारी कातरण्याच्या कामासाठी इतकी कल्पकता! त्याच दालनांमध्ये विळ्याही आहेत. मी त्यांच्या पात्यांकडे पाहत होतो, पोकळ किती पडलीय ते.

आमची विळी दाराआडच राहिली होती. आजी गेल्यावर वर्षभरानं मी ती आठवडी बाजारातल्या एका लोहाराकडे नेली. त्यांनी पातं नखानं टिचकी मारून पाहिलं, कानाशी धरलं, आणि विचारलं, ‘‘मशीनवर घातली होती का?’’ मी हो म्हटलं. त्यांनी पाटातून पातं काढलं, भात्यावर तापवलं, रंग पाहत थांबले, तेलात बुडवलं. मग धारेपासून दूर, पाठीकडून हळूहळू ऊब दिली आणि गवती पिवळा रंग धारेपर्यंत सरकला तसं विझवलं. सगळं मिळून अर्धा तास. पैसे विचारले तर एस-३०-व्हीच्या कुरिअरचा खर्चसुद्धा त्याहून जास्त होता.

‘‘पोकळ पाडून देऊ का थोडी?’’ त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

आता ती स्वयंपाकघरात आहे, खणात नाही. त्या खणातली मोकळी जागा तिची. जत्रेतला मासा, लाल चाकू आणि एस-३०-व्ही यांच्यानंतर आणि ओपिनेलच्या आधी ती यायला हवी, म्हणून तिथे काही ठेवत नाही. महागडे पोलादी चाकू बहुतेक विकले. एक ठेवलाय, कारण तोही माझा काळ होता.

रोज संध्याकाळी मी जमिनीवर बसून विळीवर भाजी चिरतो. सुरुवातीला गुडघे बोलायचे, आता सवय झालीय. पातं पुन्हा काळं पडायला लागलंय. परवा गवार चिरताना पात्याच्या मधोमध बोट फिरवून पाहिलं. अजून सरळच आहे.